आभासी जगात नव्याने पाऊल टाकताना: सांगलीकरांसाठी पायरीपायरीने

सांगली, मिरज, तासगाव, विट्याकडची मंडळी या विषयावर बोलायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं ॲप घेऊ?" मी त्यांना आधी विचारतो, तुम्ही दिवसाचे कोणत्या वेळी मोकळे असता आणि कसल्या माणसांत तुम्हाला करमतं? अनेकजण अवतार (पडद्यावरचं आपलं रूप) घेऊन एकाच वेळी वावरतात आणि आपण बाहेर पडलो तरी जी चालूच राहते, अशी जागा म्हणजे आभासी जग. तिथली चित्रं किती देखणी आहेत याचं अप्रूप आठवडाभर टिकतं. रात्री साडेनऊला तुम्ही आला नाहीत तर "आज दिसला नाहीस?" असं विचारणारं कुणी तिथे असेल, तरच तुम्ही वर्षानंतरही तिथे असाल.

आधी दुसऱ्याच्या जगात पाहुणा म्हणून कसं जायचं, मग चार-आठ जणांनी मिळून आपलं छोटं जग कसं उभं करायचं, आणि ते बंद पडायची वेळ आली तर काय वाचवायचं, या क्रमाने सांगतो. माझं मत सुरुवातीलाच मांडतो: येत्या काळात कंपन्यांच्या भव्य दुनियेपेक्षा लोकांनी स्वतः चालवलेली लहान जगं जास्त टिकतील.

पायरी १: जग निवडताना आधी त्याचं वय आणि बाहेरचा दरवाजा बघा

फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा केलं तेव्हा हे सगळं नव्यानेच सुरू झालंय असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचं जग तयार केलं होतं. त्यात एकही चित्र नव्हतं, सगळं टाइप करून चालायचं, तरी लोक रात्ररात्र तिथे असायचे. तेव्हापासून शेकडो जगं आली आणि गेली. गुगलचं लाइव्हली जुलै २००८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झालं. मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं अल्टस्पेसव्हीआर मार्च २०२३ मध्ये मिटलं. मोझिलाने आपली हब्ज ही सेवा ३१ मे २०२४ रोजी थांबवली. पैसा कमी पडला म्हणूनच नव्हे, तर मालकाचा विचार बदलला म्हणूनही जग बंद पडतं, हे नवख्याने पहिल्या दिवशीच समजून घ्यावं.

म्हणून खातं उघडण्याआधी बघायचं ते हे: जग किती वर्षं चालू आहे, आपण बांधलेली वस्तू बाहेर काढून आपल्या संगणकावर ठेवता येते का, आणि तुमच्या मोकळ्या वेळेत तिथे माणसं असतात का.

सेकंड लाइफ २००३ पासून चालू आहे. खातं फुकट, पण जमीन भाड्याने घ्यावी लागते. मोठ्या माणसांसाठी, संगीताच्या मैफली, व्याख्यानं, भाषा शिकण्याचे गट यांसाठी ते चांगलं. त्याला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. व्हीआरचॅट गप्पांसाठी, डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट (चहूबाजूंनी आभासी दृश्य दाखवणारं उपकरण) नसला तरी साध्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून जाता येतं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळात मुलं आधीच आहेत, तो विकत घ्यावा लागतो. आणि लुआंटी, म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट (ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं), त्याच धर्तीचं, पूर्ण फुकट, खुल्या स्रोताचं (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो), जुन्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवरही चालणारं. आपलं जग उभं करायचं असेल तर मी लुआंटीच सुचवतो. त्यातला प्रत्येक ठोकळा तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये राहतो.

पायरी २: सामान आणि खातं

यात फार वेळ घालवू नका. माइक असलेला साधा हेडफोन, शक्य असेल तर वायफायऐवजी थेट केबल, आणि पावसाळ्यात लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस. हेडसेट विकत घ्यायची घाई करू नका, सहा महिन्यांनी ठरवा.

खात्याचं नाव विचारपूर्वक घ्या. आडनाव, जन्मवर्ष, कॉलेज, गल्ली यांतलं काहीही त्यात नको. ते नाव वर्षानुवर्षं तुमची ओळख होणार आहे, म्हणून लोकांना उच्चारता येईल असं ठेवा. ईमेल वेगळा, पासवर्ड वेगळा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करूनच पुढे जा.

पायरी ३: पहिले काही दिवस फक्त पाहुणे व्हा

आत गेल्या गेल्या बांधकामाला लागू नका. आपल्याकडे परगावच्या पाहुण्याने आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरू नये असं मानतात, ते इथे अक्षरशः लागू आहे. दुसऱ्याच्या अवताराला चिकटून उभं राहू नका, चार पावलं अंतर ठेवा. माइक सुरुवातीला बंद, आधी टाइप करून नमस्कार. कुणाचं खरं नाव, गाव, वय विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. परवानगीशिवाय आवाज किंवा चित्र रेकॉर्ड करून बाहेर टाकणं हा तर विश्वासघातच मानला जातो.

वेळेचं गणित नवख्यांना हमखास चकवतं. सेकंड लाइफमधल्या कार्यक्रमांच्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने दिलेल्या असतात. आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा तास. म्हणजे तिथे संध्याकाळी सातला असलेली मैफल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला किंवा साडेआठला. सकाळी डबा भरण्याच्या आणि ऑफिस गाठण्याच्या वेळेत ती ऐकायला कोण बसणार? त्यामुळे युरोपातल्या किंवा आशियातल्या लोकांनी चालवलेले गट शोधा; त्यांच्या वेळा आपल्या संध्याकाळी-रात्रीशी जास्त जुळतात.

व्हीआरचॅटमध्ये नवख्याला 'व्हिजिटर' ही सगळ्यात खालची पायरी मिळते. लोकांत मिसळून, वेळ घालवून ती वाढते, आणि ती वाढेपर्यंत स्वतः बनवलेला अवतार किंवा जग तिथे चढवता येत नाही. ही अट कंटाळवाणी वाटते, पण मला ती पटते. नवख्याने आधी ओळख करून घ्यावी आणि मग सामान आणावं, हा क्रम बरोबर आहे. तिथल्या सार्वजनिक खोल्यांत गोंगाट आणि वाह्यातपणा बराच असतो. दोन-तीन माणसं ओळखीची झाली की फक्त मित्रांसाठी किंवा गटासाठी असलेल्या खोल्यांत जा. म्यूट आणि ब्लॉकची बटणं कुठे आहेत ते मात्र पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. ती वापरताना संकोच करू नका आणि कारण द्यायच्या फंदातही पडू नका.

याच दिवसांत स्वतःलाही ओळखा. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: काहीतरी कमावण्यासाठी येणारे, कानाकोपरे धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे, आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात रमणारे. तुम्हाला नकाशे धुंडाळायला आवडत असतील तर रोज रात्री गप्पा मारणाऱ्या गटात तुम्ही कंटाळाल, आणि त्यात दोष कुणाचाच नसेल.

पायरी ४: लहान गट धरा आणि एक काम अंगावर घ्या

हजारो सदस्यांच्या गटात नवख्याला कुणी विचारत नाही. पंधरा-वीस जण नियमित येतात असा गट शोधा. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असणारा गट नेहमी चांगला. दोन-तीन भेटी झाल्या की एखादं छोटं, नेमकं काम मागून घ्या: नवीन माणसाला जागा दाखवणं, कार्यक्रमाची वेळ सगळ्यांना कळवणं, पाट्या मराठीत लिहिणं. काम घेतलं की चार दिवसांत लोक नावाने हाक मारायला लागतात. गप्पांतून हेच व्हायला महिने लागतात, विशेषतः लाजाळू माणसाला.

मराठी टाइप करताना काही जगांत जोडाक्षरं तुटून दिसतात. तेव्हा पाट्या सोप्या शब्दांत लिहा आणि बाकीचं बोलून सांगा.

पायरी ५: सांगलीतल्या चार जणांनी मिळून आपलं जग उभं करणं

इथून खरी मजा आहे, म्हणून जरा सविस्तर.

लुआंटी उतरवून घेतल्यावर आत खेळ म्हणून काहीच नसतं, गोंधळू नका. आतल्या 'कंटेंट' विभागात जाऊन 'माइनटेस्ट गेम' किंवा 'व्हॉक्सेलिब्रे' यांपैकी एक उतरवा. नवीन जग तयार करा, 'होस्ट सर्व्हर' (म्हणजे तुमचा संगणकच बाकीच्यांना जग पुरवेल) वर खूण करा आणि सुरू करा. एकाच वायफायवर असलेले बाकीचे तुमच्या संगणकाचा स्थानिक आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला त्याचा क्रमांक) आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचं दार, ३०००० टाकून आत येतील. शनिवारी कुणाच्या तरी घरी चार लॅपटॉप आणि भडंगाची परात घेऊन बसलात की पहिली बैठक पार पडते.

वेगवेगळ्या घरांतून यायचं असेल तर अडचण येते. मोबाइल डेटावर आणि पुष्कळशा घरगुती जोडण्यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरचा माणूस तुमच्या संगणकापर्यंत पोचूच शकत नाही. मग ब्रॉडबँडवाल्याकडून स्वतंत्र पत्ता मागा किंवा एक लहानसा सर्व्हर भाड्याने घ्या. खर्च सगळ्यांत वाटून घ्या, आणि गणेशोत्सवात मंडळं वर्गणीचा हिशोब फलकावर लावतात तसा तो जगातल्याच एका भिंतीवर लावा. पैशावरून फुटलेले गट मी जितके पाहिले तितके दुसऱ्या कशाने फुटलेले पाहिले नाहीत.

लुआंटीत आवाजाची सोय नाही. बोलण्यासाठी सोबत मंबल किंवा डिस्कॉर्ड लावा; चार जणच असाल तर व्हॉट्सॲप कॉलही पुरतो.

आता बांधायचं काय? प्रत्येकाने आपापला महाल बांधायला घेतला तर महिन्याभरात जग ओस पडतं. सगळ्यांचं मिळून एक काम हवं. आम्ही सांगलीतल्या काही जणांनी कृष्णेचा घाट आणि १९२९चा आयर्विन पूल घेतला. लुआंटीत एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात. आयर्विनच्या मोजपट्टीवरची ४० फुटांची इशारा पातळी म्हणजे सुमारे १२ ठोकळे, ४५ फुटांची धोका पातळी म्हणजे जवळपास १४. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते सुमारे साडेसतरा ठोकळे भरतात. निळ्या काचेचे ठोकळे त्या उंचीपर्यंत लावून पाहिल्यावर गावभागात राहणाऱ्या मुलांनी आपापली घरं शोधायला सुरुवात केली. कुणाच्या आजीचा माळा, कुणाचं दुकान, कुणाची शाळा. मोठी माणसंही स्क्रीनसमोर येऊन "इथपर्यंत होतं, अजून वर होतं" असं सांगू लागली. आयुष्यात कधी गेम न उघडलेले आजोबा त्या संध्याकाळी आमचे मुख्य सल्लागार होते.

हे नुसतं हौसेचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने माइनक्राफ्टच्या निर्मात्यांबरोबर २०१२ पासून हाच मार्ग वापरला आहे: वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवायचं, त्यांच्याकडूनच मैदान, बाग, चौक यांची रचना ठोकळ्यांत करून घ्यायची आणि ती आराखड्यापर्यंत न्यायची. आमराईत मुलांसाठी जागा कशी हवी, हरिपूरच्या रस्त्यावर झाडं कुठे हवीत, हे बायकामुलांनी बांधून दाखवलं तर नगरसेवकालाही पटकन कळतं. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला ठोकळ्यांतून चालता येतं.

पायरी ६: नियम पहिल्या भांडणाआधी लिहा

१९९० मध्ये पावेल कर्टिस यांनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅम्डामू नावाचं अक्षरांचं जग सुरू केलं. गर्दी वाढली, तक्रारी वाढल्या. १९९२ च्या शेवटी तिथल्या ॲडमिन मंडळींनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, माणसांमधले वाद लोकांनी आपसांत मिटवावेत. थोड्याच महिन्यांत एकाने एक प्रोग्रॅम वापरून, भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमक्ष, इतरांच्या पात्रांकडून अश्लील कृत्यं घडत असल्यासारखं दाखवलं. ज्यांच्या बाबतीत हे झालं त्यांतली एक बाई घरी संगणकासमोर बसून खरोखर रडली. लोकांनी सभा घेतली, तासन्‌तास बोलले, निर्णय होईना. शेवटी एका ॲडमिनने एकट्याने ठरवून त्या खात्याला काढून टाकलं. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली, लोक कायदे करू लागले. तरी १९९६ मध्ये ॲडमिनना मान्य करावं लागलं की यंत्रणा आणि माणसं यांची अशी फारकत करता येत नाही.

नवख्या ॲडमिनने ही हकिकत लक्षात ठेवावी. बंदी घालायचं बटण ज्याच्या हातात आहे, तो न्यायाधीश झालेलाच असतो. तेव्हा कुणी, केव्हा, किती जणांना विचारून बंदी घालायची हे आधीच ठरवा. मी सुचवतो ते असं: ॲडमिन किमान दोन, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष; तात्पुरतं बाहेर काढणं कुणाही एकाने; कायमची बंदी दोघांच्या संमतीने; आणि ज्याला काढलं त्याला एकदा म्हणणं मांडायची संधी. नियम पाच-सहाच ठेवा आणि प्रवेशाच्या जागीच मराठीत लावा.

लुआंटीत याला यंत्रणेची साथ मिळते. नवीन माणसाला सुरुवातीला 'इंटरॅक्ट' हा अधिकार देऊच नका. तो फिरेल, बोलेल, पण काही तोडू शकणार नाही. ओळख पटली की ॲडमिनने 'ग्रँट' आज्ञेने तो अधिकार द्यावा. 'एरियाज' हे मॉड (खेळात वरून घालायची जोड) घालून बांधकामांना कुंपण घाला. सेटिंगमध्ये रोलबॅकची नोंद चालू ठेवली तर कुणी काय मोडलं ते दिसतं आणि उलट फिरवता येतं.

जग वाढलं तर निवडणूक घ्यायलाही लाजू नका. आइसलंडच्या कंपनीच्या ईव्ह ऑनलाइनमध्ये २००८ पासून खेळाडू मतदानाने आपली समिती निवडतात आणि ती समिती कंपनीशी बोलते.

यंत्रबुद्धीने बोलणारी पात्रं आता सगळीकडे येत आहेत. पाट्या वाचून दाखवायला, वाट सांगायला ती उपयोगी आहेत. पण अशा पात्राच्या डोक्यावर ते यंत्र आहे हे स्पष्ट लिहिलेलं असावं, हा आमचा पक्का नियम आहे. एकटं पडलेलं माणूस आपल्या जगात येऊन कुणाशी बोलतंय, हे त्याला ठाऊक असण्याचा हक्क आहे.

पायरी ७: मुलं आणि पैसे

मुलांसाठी वेगळा सर्व्हर, ओळखीच्यांनाच प्रवेश, संगणक दिवाणखान्यात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. तुमच्या गटाने मुलांचे फोन नंबर, शाळा, फोटो गोळा करूच नयेत. पालकांनी आठवड्यातून एकदा मुलाला म्हणावं, "मला तुझं जग दाखव." त्यात चौकशीचा सूर नको, मूल आनंदाने हात धरून फिरवतं.

पैशाबाबत माझा सल्ला कडक आहे. आभासी जमीन गुंतवणूक म्हणून घेऊ नका. २०२१-२२ मध्ये अशा प्लॉटांचे भाव आभाळाला भिडले आणि नंतर कोसळले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा देशात ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे, तेव्हा "खेळता खेळता कमवा" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

पायरी ८: बंद पडण्याची तयारी पहिल्या महिन्यातच करा

२००४च्या फेब्रुवारीत 'उरू' नावाच्या जगाचा ऑनलाइन भाग बंद झाला. तिथले लोक गटागटाने सेकंड लाइफ आणि देअर या दुसऱ्या जगांत गेले, तिथे त्यांनी आपल्या जुन्या जागांसारख्या जागा उभारल्या आणि स्वतःला उरूचेच रहिवासी म्हणत राहिले. पुढे २०१० मध्ये त्याच्या निर्मात्यांनी ते जग देणग्यांवर पुन्हा उघडलं. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद झालं. २०१९ मध्ये चाहत्यांनी ते स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा चालू केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. दोन्ही ठिकाणी जग गेल्यावर माणसं एकमेकांना सापडत होती, म्हणून हे घडू शकलं.

म्हणून गटाची एक भेटायची जागा जगाबाहेर असू द्या: ईमेलची यादी, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामचा गट, आणि सांगलीतच असाल तर महिन्याचा एक ठरलेला रविवार.

बॅकअपची रीत सोपी आहे. लुआंटीचा सर्व्हर थांबवा, 'वर्ल्ड्स' मधलं तुमच्या जगाचं फोल्डर पूर्ण उचला, तारीख घालून दुसरीकडे ठेवा. चालू सर्व्हरची नक्कल घेऊ नका, फाइल अर्धवट येते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतही जगाचं फोल्डर असंच उचलता येतं. सेकंड लाइफसारखंच पण स्वतः चालवता येणारं ओपनसिम्युलेटर वापरत असाल तर एक अख्खा प्रदेश 'ओएआर' फाइलमध्ये साठवता येतो. कंपनीच्या जगात हे शक्य नसेल तर निदान चित्रफिती, नकाशे आणि सदस्यांची टोपणनावं जपून ठेवा. नवीन अवतार बनवताना व्हीआरएमसारख्या खुल्या फाइलमध्ये बनवा. तो अनेक जगांत नेता येतो.

नकला तीन ठिकाणी असाव्यात आणि त्यांतली एक सांगलीबाहेर. २०१९च्या महापुरात नगर वाचनालयातले दुर्मीळ ग्रंथ भिजून गेले. आमच्या जगाची एक प्रत पुण्यात राहणाऱ्या सदस्याच्या डिस्कवर आहे. वर्षातून दोनदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उघडून, पूल आणि घाट जागेवर आहेत का ते बघतो. उघडून न पाहिलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नका. पहिली तपासणी मेच्या अखेरीस, पावसाआधी करा आणि दुसरी दिवाळीनंतर. ॲडमिनचे पासवर्ड एका बंद पाकिटात लिहून दुसऱ्या ॲडमिनकडे द्या आणि तपासणीच्या वेळी ते अजून चालतात ना, तेही पाहून घ्या.